कांचनजंगाच्या वाटेवर एका दिवसाचा भाव

नेपाळच्या अगदी पूर्वेला, सिक्कीमच्या हद्दीला खेटून ताप्लेजुंग जिल्हा आहे. ८,५८६ मीटर उंचीच्या कांचनजंगाचे नेपाळकडचे दोन्ही पायथे याच जिल्ह्यात येतात. उत्तरेचा पांगपेमा साधारण ५,१४० मीटरवर, आणि दक्षिणेचा ओक्टांग, यालुंग हिमनदीच्या काठावर. दोन्ही एकाच फेरीत पाहायचे तर ताप्लेजुंग ते ताप्लेजुंग सतरा-अठरा दिवस हातात हवेत. इथे एव्हरेस्टच्या वाटेवरची गर्दी नाही, कॉफीची दुकानं नाहीत, आणि लुक्लासारखं विमानातून उतरून थेट चालायला लागण्याची सोयही नाही. ताप्लेजुंगजवळ सुकेटारला धावपट्टी आहे, पण तिच्या भरवशावर कुणी तारखा ठरवू नयेत. ही वाट इतकी निवांत आहे ती याचमुळे, आणि महागही त्याचमुळे.

‘किती लागतील?’ या प्रश्नाला एजन्सीवाले एका रकमेत उत्तर देतात. कुणी लाख म्हणतं, कुणी सव्वा, कुणी दोन. या रकमांची एकमेकींशी तुलना करता येत नाही, कारण प्रत्येकीच्या पोटात किती दिवस आहेत आणि कुठले दिवस गाळले आहेत, ते रकमेवरून कळत नाही. आम्ही दोघी मैत्रिणी निघालो तेव्हा कोटेशनं बाजूला ठेवली आणि वहीत वेगळाच हिशेब मांडला: डोंगरातला एक दिवस आपल्याला डोई कितीला पडतो?

मार्गदर्शकाचे दिवसाला ४,००० नेपाळी रुपये धरले, भरियाचे, म्हणजे सामान वाहणाऱ्याचे, २,८००. दोघींत वाटून डोई ३,४००. जेवण, खाट, चहा, गरम पाणी, चार्जिंग यांचे प्रत्येकीचे ४,०००. एकूण ७,४०० नेपाळी रुपये. आपले १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०, हा दर १९९३पासून बांधलेला आहे. तेव्हा आपल्या पैशांत एका दिवसाचे ४,६२५ रुपये झाले. हे आमच्या वहीतले अंदाज आहेत. हंगाम, एजन्सी आणि गॅसच्या टाकीचा भाव पाहून ते वर-खाली होतील. पण एकदा हा दिवसाचा भाव हाती आला की पुढचे सगळे निर्णय त्याच्यावर घासून पाहता येतात.

सोबत किती माणसं असावीत, हा पहिला निर्णय. एकटीनं मार्गदर्शक आणि भरिया दोघंही घेतले तर दिवस ६,७५० रुपयांना पडतो. दोघी झालात की ४,६२५. चौघी झालात आणि भरिये दोन केले तर ४,०००. म्हणजे एकीच्या दोघी होण्यात मोठी बचत आहे, दोघींच्या चौघी होण्यात दिवसाला सव्वासहाशेचीच. आणि चार माणसांत एकाचं तरी पोट बिघडण्याची, गुडघा दुखण्याची शक्यता दुप्पट. निव्वळ पैसे वाचावेत म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुपवरून अनोळखी माणसं गोळा करणाऱ्यांनी हा आकडा एकदा पाहावा.

मुंबई-पुण्याहून जायला दोन रस्ते आहेत. एक काठमांडूमार्गे: तिथून विमानानं भद्रपूर. दुसरा आपल्याच देशातून: विमानानं बागडोगरा किंवा आगगाडीनं न्यू जलपाईगुडी, तिथून सिलिगुडी ओलांडून पानिटंकी, मेची नदीवरचा पूल आणि पलीकडे काकडभिट्टा. आम्ही गाडीनं गेलो. दोन रात्री प्रवासात जातात, पण विमानाच्या भाड्याच्या मानानं पैसे बरेच वाचतात आणि अर्ध्या वाटेत कुणीतरी आपल्या डब्यातलं ठेपलं पुढे करतं. काठमांडूत जाणं परवान्यासाठी गरजेचं आहे की कागद आधी पाठवून काम होईल, हे मात्र एजन्सीशी घरून निघण्यापूर्वी पक्कं करा. या एका गोष्टीवर अख्खा मार्ग आणि दोन-तीन दिवस अवलंबून असतात.

आपल्याला नेपाळचा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. डोंगरासाठी मात्र पासपोर्टच ठेवावा, परवान्याच्या कागदांना तो सोयीचा. नोटांचं प्रकरण थोडं नाजूक आहे. शंभरापर्यंतच्या भारतीय नोटा तिकडे सर्रास चालतात. त्यावरच्या नोटांवर नेपाळनं २०१८च्या डिसेंबरात बंदी घातली होती आणि त्यानंतर हे नियम पुन्हा हलू लागले आहेत. निघण्याच्या आठवड्यात काय चालू आहे ते पाहा, आणि सीमेवर पाचशेच्या गड्डीसह उभं राहू नका. मार्च २०२४पासून नेपाळातल्या फोनपेच्या क्यूआरवर भारतीय यूपीआय चालतं (हे फोनपे नेपाळचं, आपल्याकडचं फोनपे वेगळं). सीमेपलीकडच्या बिर्तामोडच्या बाजारात त्याची मोठी सोय होते. पण ही सोय खालीच ठेवून वर जायचं आहे.

काकडभिट्ट्याहून बिर्तामोड, आणि तिथून जीप मेची राजमार्गानं इलाम, फिदिमकडे चढू लागते. इलामचे चहाचे मळे दार्जिलिंगच्या मळ्यांचेच सख्खे शेजारी, मध्ये फक्त देशाची रेघ. जीपमध्ये दहा माणसांच्या जागेत तेरा, टपावर कोबीची पोती आणि कोंबड्यांची टोपली. वळणं संपता संपत नाहीत. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या सीटचे जादा पैसे बिनदिक्कत मोजावेत. अख्ख्या सहलीत इतक्या स्वस्तात इतकं सुख पुन्हा मिळणार नाही.

याच रस्त्यानं आम्हाला राखीव दिवसाचं मोल शिकवलं. वाटेत दरड उतरली होती, जेसीबी येईपर्यंत सगळ्या गाड्या रांगेत, आणि चहाच्या टपरीवालीचा धंदा तेजीत. आमची अडवणूक किरकोळ होती. २०२५च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला, म्हणजे ट्रेकिंगचा हंगाम ऐन तोंडावर असताना, मुसळधार पावसानं इलाम जिल्ह्यात दरडी कोसळल्या, कितीतरी माणसं दगावली आणि रस्ते तुटले. त्याच वर्षीच्या जानेवारीत ताप्लेजुंगमध्ये पाथीभरा देवीच्या डोंगरावरच्या केबल कारला स्थानिक लिंबू समाजानं विरोध केला होता, चकमकी झाल्या, बंद पुकारले गेले. लिंबूंसाठी तो डोंगर मुक्कुमलुंग, पवित्र जागा. प्रवाशाला यात बोलायचा अधिकार नाही. त्यानं एवढंच करावं की परतीचं तिकीट ट्रेक संपल्याच्या दुसऱ्या दिवसाचं काढू नये. आम्ही चार दिवस राखीव धरले होते. चार गुणिले ४,६२५ म्हणजे साडेअठरा हजार. नाही लागले तर परत येतात, आणि त्यातल्या एका दिवसात इलामला बसून चहा पिता येतो.

ताप्लेजुंग हे खालच्या जगाचं शेवटचं बाजारगाव. जिल्हा मोठ्या वेलदोड्यासाठी प्रसिद्ध आहे. दुकानांपुढे तपकिरी वेलदोड्याची पोती आणि हवेत त्याचा धुरकट वास. संध्याकाळी तोंग्बा मिळते: लाकडी भांड्यात आंबवलेली कोदो म्हणजे नाचणी, वरून गरम पाणी, आणि बांबूच्या नळीनं ओढत बसायचं. उंचीवर जाण्याआधी दारू नको म्हणतात ते खरंच आहे, म्हणून परतीला प्या.

बँकेची कामं इथेच उरकायची. यापुढे एटीएम नाही, म्हणून रोकडीचा हिशेब इथे चुकून चालत नाही. अठरा दिवसांचे ४,००० प्रमाणे ७२,०००, बक्षिशी आणि अडीअडचणीचे पंचवीसेक हजार, म्हणजे डोई जवळजवळ लाखभर नेपाळी रुपये. हत्तीच्या चित्राच्या हजाराच्या नोटा कमी घ्या, वाघाच्या पाचशेच्या आणि गेंड्याच्या शंभराच्या जास्त. वर ल्होनाक या मुक्कामाच्या लॉजवालीकडे सुटे नसतात आणि तिनं ते कुठून आणावेत? नोटा दोघींत वाटून, प्लास्टिकच्या पिशवीत, अंगावर. या सगळ्या नोटांवर पुढच्या बाजूला एव्हरेस्ट छापलेलं आहे, त्यामुळे कांचनजंगाच्या अंगणात आपण दिवसभर एव्हरेस्ट खर्चत असतो. १९५३च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेला हमालांच्या मजुरीसाठी नाण्यांच्या पेट्या वाहून न्याव्या लागल्या होत्या. त्या मानानं आपलं ओझं हलकं.

परवान्यांचं सांगते. हा भाग निषिद्ध क्षेत्रात मोडतो, त्यामुळे व्हिसा न लागणाऱ्या भारतीयांनाही वेगळा परवाना काढावा लागतो आणि तो नोंदणीकृत एजन्सीमार्फतच मिळतो, परवानाधारक मार्गदर्शकासह. फी पहिल्या चार आठवड्यांपर्यंत आठवड्याला २० डॉलर. इथे रुपया बांधलेला नाही, डॉलर जिकडे जाईल तिकडे ही फी जाते. अठरा दिवसांच्या वाटेला तीन आठवडे पुरतात असं एजन्सी सांगेल. चार आठवड्यांचा काढा. वीस डॉलर वाचवण्यापायी राखीव दिवस कागदावर बेकायदा ठरू नयेत. दुसरी फी कांचनजंगा संवर्धन क्षेत्राची. सार्क देशांच्या नागरिकांना तिच्यात मोठी सवलत आहे, आपल्याला ती काही शे रुपयांत पडते. ही फी देताना कुरकुर करू नये, कारण या संवर्धन क्षेत्राचा कारभार सरकारनं २००६च्या सप्टेंबरात स्थानिक लोकांच्या हाती सोपवला. त्या सोहळ्यासाठी घुन्सा या वाटेवरच्या गावी आलेल्यांना परत नेणारं हेलिकॉप्टर २३ सप्टेंबरला डोंगरावर आदळलं आणि आतली चोवीसही माणसं गेली. नेपाळच्या निसर्गसंवर्धनातली पहिल्या फळीची माणसं होती ती. चंद्र गुरुंग, मिंग्मा नोर्बू शेर्पा, भूगोलतज्ज्ञ हर्क गुरुंग.

सेकाथुमपर्यंत जीप जाते, आणि रस्ता दर वर्षी थोडा थोडा पुढे सरकतो आहे. तिथून आम्ही खऱ्या अर्थानं चालू लागलो. पहिल्याच दिवशी आम्जिलोसाची चढण घाम काढते. आमचा भरिया नाम्लोचा पट्टा कपाळाला लावून पुढे निघून जायचा आणि वरच्या चौथऱ्यावर आमची वाट पाहत बसायचा. दोघींचं मिळून पंचवीस किलो आणि त्याचं स्वतःचं पाच. हमालांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या मंडळींनी नेपाळसाठी तीस किलोंची मर्यादा घातली आहे, तिच्यात आम्ही बसलो. दोन भरियांचं ओझं एकावर घालून ‘स्वस्त’ झालेली पॅकेजं याच वाटेवर पाहायला मिळतात. एजन्सीला दोन प्रश्न विचारा: भरियाचा विमा आहे का, आणि त्याच्याकडे खिंडीसाठी बूट, हातमोजे, गरम कोट आहे का? नसेल तर ते तुमच्या खर्चात धरा. बक्षिशीही आधीच धरा, मजुरीच्या दहा-पंधरा टक्के. शेवटच्या दिवशी उरतील ते देऊ, असं ठरवलं की काही उरत नाही.

ग्याब्ला मागे पडलं की दरी अरुंद होते, जंगलात गुरांसचे म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचे जुने वृक्ष, खाली घुन्सा खोल्याचा म्हणजे नदीचा अखंड आवाज. आणि उंचीबरोबर थाळीचा भाव रिक्षाच्या मीटरसारखा पळू लागतो. यात लुबाडणूक नाही. तांदळाचा प्रत्येक दाणा आणि गॅसची प्रत्येक टाकी खच्चराच्या, याकच्या किंवा माणसाच्या पाठीवरून आलेली असते. पुण्यात दोनशेची कॉफी निमूट पिणारी माणसं ल्होनाकला चहाच्या कपासाठी घासाघीस करतात, त्यांना काय म्हणावं? घासाघीस करण्यापेक्षा मागणी बदला. दालभात घ्या, भात-डाळ-भाजी पुन्हा वाढतात, आणि चुलीवर आधीच शिजत असल्यानं तो ताजा असतो. पिझ्झा मागवणाऱ्याला उशीरही होतो आणि भुर्दंडही पडतो. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, क्लोरीनच्या गोळ्या न्या. दोन मोठ्या पॉवर बँका खालून भरून न्या. चॉकलेट, चिक्की, सुकामेवा बिर्तामोडला घ्या. वर तेच दुप्पट-तिप्पट होतं. आमच्याकडे शेंगदाण्याची चिक्की आणि मेतकूट होतं. मेतकूट-भाताच्या बळावर मैत्रिणीनं दोन संध्याकाळी काढल्या आणि लॉजच्या दिदीनं भातावरची ती पिवळी पूड हुंगून पाहिली, पण चाखली नाही.

घुन्सा, साधारण ३,४०० मीटर. लाकडी घरं, दगडांच्या वजनानं धरून ठेवलेली छपरं, पताका, गावाची स्वतःची छोटी वीज. १९३०मध्ये डायरेनफर्थ यांची आंतरराष्ट्रीय मोहीम कांचनजंगाच्या उत्तर बाजूला निघाली ती इथूनच गेली. आम्ही इथे दोन रात्री राहिलो. पुढचं कांबाचेन ४,०५० मीटरवर आहे. त्याच्या पुढचं ल्होनाक ४,७८०वर. हे तीन आकडे वहीत मोठ्या अक्षरात लिहा. उंचीवरच्या आजारांच्या डॉक्टरांचा सर्वमान्य नियम असा की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५००पेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस वर चढू नये. घुन्सा ते कांबाचेन साडेसहाशे, कांबाचेन ते ल्होनाक सातशे तीस. मधे मुक्कामाची जागाच नाही, त्यामुळे दोन्ही टप्पे नियमाच्या बाहेर जातात. उपाय एकच: घुन्साला दोन रात्री आणि कांबाचेनलाही दोन रात्री.

स्वस्त पॅकेज हीच कांबाचेनची दुसरी रात्र चोरतं. घुन्साची विश्रांती सगळे देतात, ती कोष्टकात शोभते. कांबाचेनची गुपचूप गाळली जाते, कारण ती गाळली की दिवस एक कमी आणि रक्कम साडेचार हजारांनी खाली. आम्ही कांबाचेनहून निघालो त्या सकाळी एक गट समोरून उतरत होता. मधल्या तरुणाला दोन्ही बाजूंनी धरलेलं, डोळे अर्धे मिटलेले. ल्होनाकला रात्रभर उलट्या आणि डोकं फुटेल असं दुखणं. त्यांच्या कार्यक्रमात कांबाचेनला एकच रात्र होती. त्याला वेळेत खाली आणलं म्हणून तो सुधारला, पण पांगपेमा त्याच्यासाठी संपलं, आणि त्या साडेचार हजारांच्या बचतीत त्याचा पूर्ण दीड लाख गेला.

आमचा दुसरा दिवस कांबाचेनला वाया वगैरे गेला नाही. सकाळी जानूच्या हिमनदीकडे चढलो आणि दुपारी उतरून पुन्हा त्याच खाटेवर झोपलो; उंच चढून खाली झोपणं हाच शरीराला सराव. जानू ऊर्फ कुंभकर्ण ७,७१० मीटरचा. उत्तरेची त्याची भिंत समोर उभी राहिली की बराच वेळ कुणी बोलत नाही. ‘बिस्तारै दिदी, बिस्तारै,’ हे मार्गदर्शकाचं पालुपद. सावकाश चालण्याचे पैसे लागतात, हे मला तिथे नीट उमगलं: सावकाशपणा म्हणजे जादा दिवस, आणि जादा दिवस म्हणजे ७,४०० नेपाळी रुपये. उंचीच्या आजारावरच्या डायमॉक्सच्या गोळीला मात्र फारसा खर्च नाही. डॉक्टरांना विचारून घ्या, पण गोळी म्हणजे रात्रीचा पर्याय नव्हे.

ल्होनाक उघडं, वाऱ्याचं, थंड. बाटलीतलं पाणी रात्रीत गोठतं. इथे झोपण्याच्या पिशवीवरचे पैसे वसूल होतात. विकत घेण्यापेक्षा उणे पंधरापर्यंतची चांगली पिशवी भाड्यानं घ्या; काठमांडूच्या थामेलमध्ये आणि पुण्या-मुंबईतही मिळते. दुसऱ्या दिवशी पांगपेमाला जाऊन ल्होनाकलाच परत. कांचनजंगाची उत्तर भिंत तिथून छातीवर आल्यासारखी दिसते, हिमनदीच्या मोरेनवर दगड घसरत असतात, आणि आपण दम खात बसतो. इथे एक पैसाही खर्च होत नाही, कारण विकायला कुणी नाही.

घुन्साला परतून दक्षिण बाजूकडे जायला सेले ला आणि त्याच्या पुढच्या खिंडी ओलांडाव्या लागतात, सर्वांत उंच ४,६०० मीटरच्या वर. या टप्प्याला बर्फ पडलं तर दोनच पर्याय: थांबा, किंवा पुन्हा सेकाथुमपर्यंत उतरून फेरा मारा. ऑक्टोबर हा स्वच्छ आकाशाचा महिना म्हणतात, पण बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ त्याला अपवाद ठरतं. २०१४च्या ऑक्टोबरात हुदहुद विशाखापट्टणमला धडकलं आणि दोन दिवसांत त्याच्या उरलेल्या ढगांनी अन्नपूर्णा भागात, थोरोंग ला खिंडीच्या परिसरात चाळीसहून अधिक जीव घेतले. राखीव दिवसांतले दोन या खिंडीसाठी ठेवा. आमच्या वेळी आकाश निळं होतं आणि आम्ही सरळ त्सेरामला उतरलो.

त्सेराम, राम्चे आणि पुढे ओक्टांग. इथून यालुंग हिमनदी आणि कांचनजंगाची दक्षिण बाजू. १९५५मध्ये पहिली यशस्वी चढाई करणारे जो ब्राउन आणि जॉर्ज बँड याच बाजूनं वर गेले आणि सिक्कीमच्या राजाला दिलेल्या शब्दामुळे शिखराच्या अगदी खाली थांबले. पुण्याच्या गिरिप्रेमीचे दहा गिर्यारोहक १५ मे २०१९ला शिखरावर पोहोचले, तेही याच बाजूनं, उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली. मोहिमांचे हिशेब वेगळे आणि आपले वेगळे, पण राम्चेच्या लॉजमध्ये ‘पुणे’ म्हटल्यावर मान हलवणारा माणूस भेटला तेव्हा आम्ही उगीचच ताठ झालो.

उरला विमा. आपल्याकडच्या साध्या परदेश प्रवासाच्या पॉलिसीत ट्रेकिंगला उंचीची मर्यादा असते किंवा ट्रेकिंगच वगळलेलं असतं. ती मर्यादा ५,२०० मीटरच्या वर आणि हेलिकॉप्टरनं सुटका स्पष्ट शब्दांत समाविष्ट, या दोन अटी पूर्ण होत नसतील तर तो विमा या वाटेवर कागदच. हेलिकॉप्टरच्या बचावाला पाच हजार डॉलर धरले तर आपले साडेचार लाख होतात, त्यात कांबाचेनच्या सत्त्याण्णव विश्रांतीच्या रात्री येतात. हेलिकॉप्टर बोलावण्याआधी विमा कंपनीला कळवण्याची अट वाचून ठेवा. २०१८मध्ये नेपाळात गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून फुगवलेली बिलं लावण्याचा घोटाळा उघडकीला आला, तेव्हापासून कंपन्या अशा बिलांकडे संशयानं पाहतात. विमा कंपनीचा चोवीस तास चालणारा नंबर मार्गदर्शकाकडेही द्या.

वहीतली बेरीज अशी निघाली, डोई, आपल्या रुपयांत. मार्गदर्शक आणि भरिया वीस दिवस, ४२,५००. खाणं-राहणं अठरा दिवस, ४५,०००. परवाने ७,६००, एजन्सीची फी ८,०००, जीप आणि खालच्या गावांतले मुक्काम ९,०००, बक्षिशी ५,०००, विमा ७,०००, आगगाडी ८,०००. एकूण १,३२,१००. त्यावर चार राखीव दिवस आणि दहा हजार हाताशी, म्हणजे १,६०,६००. यात बूट-जॅकेट नाही. यातले दोन तृतीयांश पैसे दिवसांवर जातात, उरलेल्या सगळ्या बाबी मिळून एक तृतीयांश. काटकसर करायचीच तर ती या तृतीयांशात करा: गाडीनं जा, पिशवी भाड्यानं घ्या, दालभात खा. दिवस कापले तर रक्कम पटकन खाली येते, आणि नेमकं तेच करायचं नाही.

तेव्हा एजन्सीला फोन कराल तेव्हा रक्कम शेवटी विचारा. आधी विचारा, कांबाचेनला किती रात्री? उत्तर ‘एक’ असेल तर आभार मानून दुसरा नंबर लावा.